केसपेपर वन्संचा, ईसीजी माझा

मी थापाडी आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून हे सांगताना माझी पंचाईत होते. पण यात मी पदरचं मीठसुद्धा घातलेलं नाही.

माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, तेव्हा शिवणकाम करायच्या. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कापड बेतता बेतता त्यांनी कात्री खाली ठेवली.

"वहिनी, जबडा दुखतोय गं. पाठीत कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं वाटतंय."

कपाळावर घामाचे थेंब. वन्सं दुखलं म्हणणाऱ्यातल्या नव्हेत. एकदा बोटातून सुई आरपार गेली, तर बाईनं आधी कापडाला रक्त लागलं का ते बघितलं. मी लगेच गाडी बोलावली.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीच्या दारात वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन उभा होता. त्याला दिसल्या दोन म्हाताऱ्या, एक ताठ आणि एक काठी टेकत लंगडणारी. त्यानं लंगडीला बसवलं. म्हणजे मला. मी बसले, खोटं कशाला बोलू, गुडघ्याला बरं वाटलं.

"अहो वन्सं, तुम्ही बसा ना."

"बस गप. तुझ्या चालीनं गेलो तर संध्याकाळ होईल," म्हणत त्यांनीच खुर्ची ढकलली.

खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव? वय? काय होतंय?" वन्संनी स्वतःचं सगळं सांगितलं. त्यानं केसपेपर काढला, नावाचा पट्टा छापला आणि खुर्चीत जी बसली होती तिच्या मनगटाला बांधला.

"अहो, पेशंट ह्या आहेत."

"आजी, हात हलवू नका. पेशंट आत, नातेवाईक बाहेर."

मी आत गेले. वन्सं बाहेर राहिल्या.

आत सिस्टरला सांगितलं, मी ती नव्हे, ती बाहेर बसलीय. सिस्टर डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मॅडम, ह्या म्हणतात मी पेशंट नाही." त्या हसल्या. "कुणालाच पेशंट व्हायचं नसतं, आजी. गुडघ्याला काय झालंय?"

आता जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्याकडे बघूनच. सवयीनं बोलून गेले, "हत्तीनं पाय दिला होता." दोघींनी एकमेकींकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"काही नाही. या वयात होतो थोडा गोंधळ."

त्यानंतर मी शपथा घेतल्या, हात जोडले. सगळं वाऱ्यावर. छातीला वायरी लावल्या आणि दीड तास झोपवून ठेवलं. उठायला गेले की "आजी, पडाल." पडद्याबाहेरून जो जाईल त्याला सांगत होते, बाहेर चष्मेवाली बाई आहे, तिला बघा हो. प्रत्येक जण "हो हो, बघतो" म्हणायचा. एकही गेला नाही.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. "अगदी तरुण मुलीसारखं हृदय आहे. पित्त असेल. जा घरी."

बाहेर आले. वन्सं बाकावर, तोंड राखेसारखं. वॉचमन म्हणाला, "मघापासून झोपल्यात." हात लावला तर गार आणि ओला.

"झालं का गं तपासून?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"झालं. तुमचं हृदय ठणठणीत आहे म्हणे."

तशातही वन्सं ओठांच्या कोपऱ्यातून हसल्या.

मी त्यांना खुर्चीत घातलं आणि खिडकीशी गेले. क्लार्क म्हणाला, या नावाचा पेशंट आत्ताच सोडला, ईसीजी नॉर्मल आहे.

"तो ईसीजी माझा आहे."

"आजी, घरचं कुणी शहाणं माणूस आहे का सोबत?"

मग मी शहाणपणा केला. वन्संच्या जागी माझं नाव सांगितलं, माझं वय सांगितलं, छातीत दुखतंय म्हटलं. लगेच नवा केसपेपर, नवा पट्टा. वन्सं माझ्या नावानं आत गेल्या.

दहा मिनिटांत डॉक्टरीणबाई पळत बाहेर. हातात ईसीजीची पट्टी. "कधीपासून दुखतंय यांना?"

"अकरापासून. त्यातले दीड तास तुमच्याच बाकावर."

त्यांची नजर माझ्या मनगटावरच्या पट्ट्यावर गेली. त्यावरचं नाव त्यांनी वाचलं. तशाच आत गेल्या. थोड्या वेळानं एक मोठे डॉक्टर कागद घेऊन आले. रक्तवाहिनी बंद झालीय, लगेच उघडावी लागेल, सही करा.

मी आधी वाचलं. नाव वन्संचंच होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं होतं. खाली लिहिलं होतं, 'रुग्णास दुपारी एक वाजता प्रथमच आणले.'

"आम्ही सव्वाअकराला आलो. सकाळचा केसपेपर बघा."

"सकाळचा कुठला?" त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "कॉम्प्युटरवर हा एकच आहे. आजी, वाद घालायचाय की त्यांना आत न्यायचंय?"

सत्तर वर्षं थापा मारतेय, पण थाप मारताना मलासुद्धा डोळे मिचकावल्याशिवाय राहवत नाही. हा माणूस सरळ बघत होता. दाराच्या काचेतून वन्संचे पाय दिसत होते, एका पायात चप्पल तशीच. मी सही केली.

वन्सं वाचल्या. पण हृदयाचा एक भाग निकामी झाला तो झालाच. चार पायऱ्या चढल्या की बसतात. शिवणयंत्राचं पायडल आता त्यांना मारवत नाही.

घरी सोडायच्या दिवशी वॉर्डात एक नवेच डॉक्टर आले. कागद चाळले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला म्हणाले, "आजी, सकाळी अकराला दुखायला लागलं आणि तुम्ही यांना एक वाजता आणलंत? एवढा वेळ काय करत होता?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. कागदावर खाली माझी सही होती, ठळक, एकही अक्षर न हललेली.