डब्यावरचं नाव

घराला पुढचं दार होतं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. रुग्णालयातून आल्यावर तिनं मागच्या दारानं न्हाणीघरात शिरायचं, डोक्यावरून आंघोळ करायची, कपडे वेगळ्या बादलीत बुडवायचे आणि मग खिडकीच्या कट्ट्यावर पालथं घातलेलं आपलं ताट उचलायचं. ताट, पेला, चमचा, सगळं तिचं वेगळं. स्वयंपाकघरात आणि सासूबाईंच्या खोलीत तिला बंदी होती.

“वहिनी, आज कोणाकोणाचं काय ढवळून आलात?” नणंद आतून ओरडली. माहेरी आली की तिला हाच विरंगुळा.

“जेवायच्या वेळेला कशाला विचारतेस बाई,” सासूबाई म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसताच त्यांना धाप लागली. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या.

सुनेचा घास हातातच राहिला. सासूबाईंची नखं पांढरीफटक दिसत होती. ओठांनाही रंग नव्हता.

लग्नाआधी घेतलेली जीवशास्त्राची पदवी तिनं चाळिशी उलटल्यावर पेटीतून बाहेर काढली होती. निम्म्या वयाच्या मुलांबरोबर ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून उभी राहिली. आधी मुलं तिला काकू म्हणत, हात बसल्यावर ताई म्हणू लागली. रक्ताच्या एका थेंबावरून माणसाच्या आत काय बिघडलंय ते कळतं, याचं तिला अजून रोज नवल वाटे. घरच्यांना मात्र एवढंच कळलं, की बाई लोकांची घाण हाताळते. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा वर्षानुवर्षं त्यांचं गू-मूत हिनंच काढलं होतं, तेही हातमोज्यांशिवाय, आणि त्याच हातांनी सगळ्यांना जेवायला वाढलं होतं. तेव्हा कुणाला किळस आली नाही. तेव्हा ती सेवा होती.

“अहो, आईंच्या अंगातलं रक्त कमी होतंय,” ती नवऱ्याला म्हणाली. “बहुधा आत कुठंतरी झिरपतंय. शौचाची तपासणी केली तर कळेल. उशीर झाला तर जिवावर बेतेल.”

सासूबाईंनी खोलीतून ऐकलं. “म्हणजे माझं तू उघडून बघणार? सुनेनं? त्यापेक्षा मेलेलं बरं!”

“मी नाही बघत, आई. तिथलं दुसरं कुणीतरी बघेल.”

“आणि तुमच्याकडे बघून हसेल,” नणंद म्हणाली. “सगळे एकाच उकिरड्यावरचे!”

ती हटली नाही. रोज बंद दाराशी उभी राहून विनवत राहिली. अखेर एका सकाळी नवऱ्यानं झाकण लावलेला डबा तिच्या कट्ट्यावर आदळला.

“घे. झालं समाधान?”

“आईंचाच आहे ना?”

“नाही, शेजाऱ्यांचा!” तो खेकसला.

रुग्णाच्या तोंडून नाव ऐकल्याशिवाय डब्यावर लिहायचं नाही, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिनं सासूबाईंच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं, आणि उघडायचा तिला हक्क नव्हता. तिनं पेन काढलं आणि नाव लिहिलं.

तपासणीत रक्त सापडलं नाही. डॉक्टरांनी वयाचा थकवा म्हणून ताकदीचं औषध दिलं. तिला ती नखं स्वस्थ बसू देईनात. “निदान रक्त तरी तपासू या,” ती म्हणाली.

“एकदा ऐकलं ना तुझं?” नवऱ्यानं हात जोडले. “आता पुरे कर तुझी हुशारी.”

महिना संपायच्या आत सासूबाई रक्ताच्या उलटीत कोसळल्या. रुग्णालयात त्यांच्यासाठी रक्ताची पिशवी जुळवून सून धावतच वर आली. नवरा औषधं आणायला गेला होता. सासूबाईंनी डोळे उघडले.

“तो डबा माझा नव्हता गं,” त्या पुटपुटल्या. “त्यानं स्वतःचंच दिलं. म्हणाला, हिचं तोंड तरी बंद होईल.”

सासूबाईंचे ओठ कोरडे पडले होते, म्हणून तिनं कापूस ओला केला. सासूबाईंनी मान फिरवली.

“तू नको. त्या नर्सबाईंना सांग.”

संध्याकाळी त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी दिवाणखाना नातेवाइकांनी भरला होता. ती मागच्या दाराशी उभी होती.

“हिनंच तपासलं, म्हणे काही नाही!” नणंद छाती पिटत होती. “माझ्या आईला हिनं मारलं!”

“कशाला पाठवायचं घरच्या बाईला असल्या कामाला?” एक काका म्हणाले. “उद्यापासून बंद करा ते.”

नवरा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. तिनं वाट पाहिली. त्यानं मान वर केली नाही.

“डब्यावर नाव मी लिहिलं,” ती म्हणाली. “आईंना न विचारता लिहिलं. ती माझी चूक, मरेपर्यंत माझीच. पण डब्यात काय होतं आणि कोणाचं होतं, ते हे सांगतील.”

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो पांढरा पडला.

“घरातली गोष्ट चारचौघांत नको,” तो म्हणाला. “आत चल.”

“आत? मला आत यायला बंदी आहे ना?”

डब्याचं कुणी त्याला विचारलं नाही. काकांनी घसा खाकरून पंखा वाढवायला सांगितला. ती दिवाणखान्यातून पुढच्या दाराकडे निघाली, तेव्हा वाटेत बसलेल्या बायकांनी आपापले पाय आखडून घेतले. तिचा स्पर्श होऊ नये म्हणून.

ती सरळ कामावर गेली. खिडकीशी एक म्हातारी उभी होती. पिशवीत, कागदात, वर रुमालात गुंडाळलेला डबा तिनं खालमानेनं पुढे सरकवला.

“लाजू नका आजी. नाव सांगा.”

“मुलानं सांगितलंय ना मघाशी.”

“मुलानं नाही. तुमच्या तोंडून सांगा. आणि हा तुमचाच आहे, हेही सांगा.”

म्हातारीनं इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच, चोरी कबूल करावी तसं, आपलं नाव सांगितलं.

तेव्हा कुठं तिनं पेन उचललं.