शून्य सापडले

रुग्णालयाच्या चौकशीचा अहवाल पाच वाजता जायचा होता, आणि तो तपासणाऱ्या बाईंचा पाय टेबलाखाली काही केल्या थांबत नव्हता. कॉम्प्युटरवर तीनदा शोधून झालं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच: शून्य सापडले. तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

शोध चालला होता तो त्यांच्या सख्ख्या वहिनीचा. वहिनी त्याच रुग्णालयात नर्स. मोठ्या डॉक्टरांविरुद्ध साक्ष द्यायला ती तयार नव्हती, बाईंनीच तिला भरीला घातलं. "बोला तुम्ही, वहिनी. तुमचं नाव अहवालात औषधालाही उरणार नाही. माझी जबाबदारी."

नुसतं नाव शोधून भागत नव्हतं, त्या नावाच्या आणखी चौघी अहवालात होत्या. आडनाव तर खुद्द समितीच्या अध्यक्षांचं! म्हणून बाईंनी कॉम्प्युटरला नमुना दिला: आधी नाव, मग कितीही मोकळी जागा, मग आडनाव. एकशे चाळीस ठिकाणी 'एक परिचारिका' असा बदल झाला.

साडेतीनला शिपायाने छापील प्रत आणून ठेवली. बाईंनी सहज मधलंच पान उघडलं. एका ओळीच्या शेवटी वहिनीचं नाव, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आडनाव.

अहवाल टाइप करणारे टायपिस्टकाका जुने. ओळ संपत आली की एन्टर मारायचा, ही टाइपरायटरची खोड त्यांनी निवृत्ती जवळ आली तरी सोडली नव्हती. आणि हा शहाणा कॉम्प्युटर एका वेळी एकच ओळ बघणार, शेजारच्या ओळीत डोकावायचं नाव नाही. बाईंनी मग त्या नावाने संपणाऱ्या ओळी शोधल्या. आणखी नऊ ठिकाणी वहिनी निघाली.

नववी दुरुस्त करताना त्यांनी पुढचं वाक्य वाचलं. 'इंजेक्शनची ही नोंद त्या परिचारिकेच्या हातची नाही. त्या डावखुऱ्या आहेत, त्यांचं अक्षर डावीकडे झुकतं.'

वॉर्डात डावखुरी एकच होती. याला आता कुठला नमुना लावायचा? बाईंना स्वतःचाच राग आला. दिवसभर अक्षरं शोधत बसले आणि माणूस शोधायचं राहूनच गेलं.

"साहेब, अहवाल आज जात नाही," त्यांनी वरिष्ठांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं.

"का? नाव पुसलंत ना?"

"नाव पुसलं. बाई तशीच आहे."

साहेबांनी आदळआपट केली आणि शेवटी सकाळी दहापर्यंतची मुदत दिली. बाईंनी वहिनीला फोन लावला. ड्युटी संपवून ती तशीच आली, चष्मा पुसून खुर्चीत बसली. बाईंनी तिच्यापुढे तिच्या साक्षीची पानं आणि पेन्सिल ठेवली. "ओळखता येईल असं जे जे दिसेल, त्यावर खूण करा."

वहिनी वाचू लागली. "सायकलवरून येणारी... ही मी. संपात कामावर आलेली... ही पण मीच." खुणा वाढत गेल्या. "वन्सं, नावाशिवायसुद्धा किती आहे हो मी यात!"

बाई एकेक खूण पुसून वाक्य फिरवत होत्या. मग डावखुरेपणाचं वाक्य आलं आणि वहिनीची पेन्सिल थांबली.

"हेही काढते," बाई घाईने म्हणाल्या.

"काढलंत तर त्या नोंदीवर काय उरतं?"

बाईंनी ओळ पुन्हा वाचली. काहीच उरत नव्हतं. इंजेक्शन वहिनीनेच दिलं असं रुग्णालयाचा कागद म्हणत होता, आणि ज्याला दिलं तो पेशंट दगावला होता. नोंद खोटी आहे हे त्या एकाच वाक्यात होतं.

"मी तुम्हाला शब्द दिलाय, वहिनी."

"दिलात. आणि मी त्या पेशंटच्या बायकोला दिलाय, खरं सांगेन म्हणून." वहिनीने डाव्या हातातली पेन्सिल खाली ठेवली. "राहू द्या ते."

टेबलाखाली बाईंचा पाय पुन्हा हलू लागला. वहिनीने पान उलटलं आणि पुढे वाचायला घेतलं.