नऊ पत्रांतली कोरी जागा

मंगळवारी वाचनयंत्राने ताक वाचले.

खाली काच, वर वाकलेला दिवा, दिव्यात कॅमेरा, असे ते यंत्र होते. काचेवर पुस्तक ठेवले की आतला बाईचा आवाज ते मोठ्याने वाचून दाखवी. कालिंदीची नजर जवळजवळ गेली होती, म्हणून तिची भाची आसावरी ते रविवारी लावून गेली. मंगळवारी कालिंदीने चुकून काचेवर पेला ठेवला आणि यंत्र म्हणाले, "हे ताक त्रिविक्रमने चाखले, त्याला आंबट लागले, आणि तो छान म्हणाला."

कालिंदी हसली. "अहो, आंबट होतं तर सांगायचं की."

तिच्या नवऱ्याला, त्रिविक्रम आठल्ये यांना, ताकाचे काही वाटले नाही. वाक्य मात्र बोचले. तीन क्रियापदे, तिन्ही जागच्या जागी. अकरा वर्षे ते रोज दुपारी चार ते पाच बायकोला वाचून दाखवीत आले होते आणि वाचता वाचता लेखकांची सैल वाक्ये आवळीत आले होते. लांबलेले वर्णन तोडीत, फाजील विशेषण गाळीत. हा ते आपला हक्क समजत. कालिंदीला यातले काही ठाऊक नव्हते. मराठीत सगळेच नेटके लिहितात, अशी तिची समजूत होती.

बुधवारी ती दोन वाजताच यंत्रापुढे जाऊन बसली. यंत्राला स्वल्पविराम कळत नाही, अशी त्रिविक्रमनी हरकत घेतली. स्वल्पविराम न पाळणाऱ्याच्या हाती गद्य देणे म्हणजे काय, हे ते सविस्तर सांगू लागले.

"त्याला दम लागत नाही," कालिंदी म्हणाली. "आणि कर्ता सांगून ते चहाला उठत नाही."

मग तिने पुस्तके ठेवणेच सोडले. उशी ठेवली. यंत्राने वाचले, "झोपेत ती कोणाचे नाव घेते हे कळावे म्हणून तो या उशीवर जागा राहिला." छत्री ठेवली. "ही हरवली नव्हती. आसावरीने नेऊ नये म्हणून त्याने लपवली." प्रत्येक वाक्य निर्दोष होते. त्रिविक्रमनी पुन्हा पुन्हा तपासले. एकही शब्द हलवता येईना. ते सामान उचलून शेजारच्या खोलीत नेऊ लागले. शुक्रवारपर्यंत दोन खुर्च्या, टेबल आणि यंत्र एवढेच उरले. अडवायला सामान नसल्यामुळे भिंती सरकत खुर्च्यांच्या पाठींपर्यंत आल्या. दोघांचे गुडघे एकमेकांना टेकले, तरी मध्ये यंत्र होतेच.

"यमूची पत्रं काढा," शनिवारी कालिंदी म्हणाली. "या बाईच्या आवाजात मला यमूचा भास होतो."

यमुना रेवणकर ही तिची कारवारची बालमैत्रीण. सहा वर्षांत तिची नऊ पत्रे आली आणि मग थांबली. प्रत्येकात दुसऱ्या परिच्छेदानंतर तिने लिहिले होते, मला बोलाव, मी महिनाभर राहते आणि तुला वाचून दाखवते. त्रिविक्रमनी तेवढे नऊही वेळा गाळले होते. उत्तरे कालिंदी सांगे आणि ते लिहीत. न ऐकलेल्याचे उत्तर ती कशी देणार? एकदाही येते म्हणाली नाही, एवढे एकच ती यमूविषयी कडवटपणे बोले.

"आधी मी वाचतो," ते म्हणाले.

या वेळी काही न गाळता वाचायचे त्यांनी ठरवले होते. कालिंदी रागावली असती, पण निदान ते वाक्य यंत्राला मिळाले नसते. दुसरा परिच्छेद संपवून त्यांनी पुढे पाहिले. तिथे दोन ओळींएवढा कोरा कागद होता. बाकीची आठ पत्रे त्यांनी उलगडली. आठांतही त्याच जागी तेच पांढरे. मग ते नेहमीप्रमाणे पुढच्या परिच्छेदावर गेले.

कालिंदीने पत्र त्यांच्या हातून घेऊन काचेवर ठेवले. यंत्राने दोन परिच्छेद वाचले, दोन ओळींएवढे गप्प राहिले आणि पुढे वाचू लागले.

तिने बटण दाबून ते थांबवले. "इथेच तुम्ही आवंढा गिळायचात," ती म्हणाली. "प्रत्येक पत्राला. मला वाटायचं, तुम्हालाही तिची आठवण येते."

त्रिविक्रम बाकीच्या पत्रांच्या घड्या घालू लागले.

"डोकं काचेवर ठेवा."

त्यांनी युक्तिवाद केला. यंत्र छापील मजकुरासाठी आहे. फार तर हस्ताक्षरासाठी. डोके या दोहोंत बसत नाही. युक्तिवाद बिनतोड होता. कालिंदीने तो पूर्ण ऐकून घेतला. पाठीमागची भिंत त्यांच्या खांद्यांना लागली, आणि वाकण्यापुरतीच जागा उरली.

काच गार होती.

"आ करा."

दिव्याचा उजेड दातांवरून आत उतरला. ओळ सापडेपर्यंत यंत्र किंचित हलले, मग थेट गाळलेल्या मजकुरापासून सुरू झाले. "मला बोलाव," ते म्हणाले, आणि आता तो भास नव्हता; यमूच बोलत होती. "मी महिनाभर राहते आणि तुला..."

तिथे ओळ संपली. कालिंदीने बोटाचे टोक ओले केले आणि पान उलटण्यासाठी हात त्यांच्या जिभेकडे नेला.