सुजनच्या डोक्यावरची छत्री

मी सुजनची काळी छत्री बोलतेय. ऐकायला कुणी नाही, ठाऊक आहे मला. तरी बोलते, वर्षभर खुंटीवर गप्प लटकून जीव नुसता घुसमटलाय.

भक्तपूरच्या बाजारात सुजननं मला घेतलं. पावसाळ्यात देवदर्शनाला येणाऱ्यांना डोंगरातली वाट दाखवणं हा त्याचा धंदा. उघडीप असली की मी काठी, पाऊस आला की छप्पर. त्याची आई हेरादेवी दारातून ओरडायची, "सांभाळून जा रे, वाट निसरडी असेल!" आणि हा म्हणायचा, "आई, वाट ओळखते मला!"

गेल्या श्रावणी पौर्णिमेला गोसाईंकुंडाचं स्नान उरकून सगळे उतरत होते. एक म्हातारी दिसेना, म्हणून सुजन एकटाच माघारी फिरला. म्हातारी दुसऱ्या वाटेनं केव्हाच खाली पोचली होती. तेवढ्यात कडा सरकला. मी काट्यांत अडकले आणि तो खाली नदीत गेला. पाहिलं ते फक्त मी.

लोकांना मी सापडले, तो नाही. हेरादेवीनं मला खुंटीला अडकवलं. "छत्री मिळाली म्हणजे माणूस मेला होय? आला की लागेल त्याला." दार वाजलं की ती धडपडत उठायची. अगं बाई, नको उठूस, तो नाही येणार, असं कितीदा सांगावंसं वाटलं! पण तोंड कुठून आणू?

आज गाईजत्रा. ज्यांच्या घरचं माणूस वर्षभरात गेलं, ते त्याच्या नावानं उंच बांबू सजवून गावभर मिरवतात. आज यमाचं दार उघडं असतं, गाय गेलेल्या माणसाला पलीकडे नेते. सुजनच्या वडिलांनी, बेखानारायणांनी, सकाळीच बांबू आणला.

"अगं, त्याचा बांबू पुढच्या वर्षी नाही काढता येत. पोर अधांतरी राहील."

"आणि उद्या दारात उभा राहिला तर? आईनंच पोचवून टाकलं म्हणेल मला!"

"मग मी काय करू, तूच सांग."

"काय हवं ते करा. मी हात लावणार नाही."

शेजाऱ्यांना घेऊन त्यांनी बांबूला कापड गुंडाळलं, वर गाईची म्हणून गवताची शिंगं बांधली, मधोमध सुजनचा फोटो लावला. ढोल सुरू झाले. लांबून आलेले पाहुणे कॅमेरे घेऊन धावले, "किती सुंदर!" म्हणाले. काढा बाबांनो फोटो, पण जरा त्या दारातल्या बाईकडेही बघा.

अशात सर आली. फोटोवरून पाणी ओघळायला लागलं. हेरादेवी बघत राहिली आणि एकदम आत आली. मला खुंटीवरून ओढून बाहेर पळाली.

"डोळे फुटलेत का तुमचे? भिजतोय ना तो!"

सगळ्यांच्याच बांबूंवर छत्री होती. सुजनच्या बांबूसाठी ती मागायची हिंमत मात्र कुणाला झाली नव्हती. बांबू आडवा करायला लावून तिनं स्वतःच्या हातानं मला गाठ मारली.

आता मी वर डुलतेय. काट्यांनी पाडलेलं भोक नेमकं सुजनच्या कपाळावर आलंय. थेंब पडतो, मला अडवता येत नाही. एवढं एकच काम होतं माझं!

खाली हेरादेवी भिजत चालतेय. कोपऱ्यावर तिनं वर पाहिलं.

"सांभाळून जा रे. वाट निसरडी असेल."

उत्तर द्यायला वर मी एकटीच होते.