निळं छत

चार्ल्स्टनला विमान उतरलं तेव्हा लख्ख ऊन होतं आणि मला काहीच वाटत नव्हतं. आई गेल्याचा फोन आला तेव्हाही वाटलं नव्हतं. डेट्रॉइटच्या घरी मी नेओमीच्या दुधाच्या बाटल्या उकळत होते. त्या उकळून झाल्या, मग बॅग भरली आणि पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन निघाले.

घरी पोचले तर माझा भाऊ एझ्रा शिडीवर चढून ओसरीच्या छताला निळा रंग देत होता. आमच्याकडे छत निळंच असतं. मेलेल्यांना ते पाणी वाटतं, आणि पाणी ओलांडून ते घरात येत नाहीत.

"आजच मुहूर्त सापडला तुला?"

"आईच मागे लागली होती. डबा वर्षभर पडून होता," तो म्हणाला. "किती दिवस आहेस?"

"उद्या दफन झालं की निघते."

"म्हणजे टूरिस्टच झालीस की. ये मग घोडागाडीतून एक चक्कर मारून."

रस्त्यावरून तशीच एक घोडागाडी चालली होती. गाइड आमच्या घराकडे बोट दाखवून काहीतरी थापा मारत होता. गाडीतल्या एका बाईने मला हात केला. मीही केला. माझं काय जात होतं?

आत वॅश्टीमावशी होती, आईची धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली. तिने लाल भात आणि तळलेला मासा माझ्यापुढे ठेवला आणि नेओमीला मांडीवर ओढलं.

"हनुवटी बघ, थेट आजीची. आणि तू काय दगडासारखी बसलीस? रडून घे, पोरी."

"येत नाहीये रडू, मावशी."

"येईल." तिने बाळाचे पाय चोळले. "उद्या हिला पेटीवरून पलीकडे द्यायचं. अलीकडे मी, पलीकडे एझ्रा."

घरातल्या सगळ्यात लहान मुलाला शवपेटीवरून असं या हातातून त्या हातात देतात. नाहीतर गेलेलं माणूस मायेपोटी मुलाकडे येत राहतं. आजोबांच्या पेटीवरून मलाही दिलं होतं.

"हिला नाही द्यायचं," मी म्हणाले.

"का?"

मी मासा खात राहिले. त्याला चव नव्हती.

"उत्तरेला जाऊन शहाणी झाली," मावशी एझ्राला म्हणाली. "हिला आता आपलं सगळं खुळचटपणाचं वाटतं."

वाटू दे तिला तसं, म्हटलं. समजावून सांगायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत सगळे आले. पांढऱ्या टोप्या, हातपंखे, भजनं. पाद्रीबाबांची प्रार्थना संपली. एझ्रा पेटीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि मावशीने माझ्यापुढे हात पसरले.

"आण तिला."

मी नेओमीला घट्ट धरलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"दिलं नाही तर आई हिच्याकडे येईल, असंच ना?" मी विचारलं.

"येईलच. सोडणार नाही ती."

"मग येऊ दे." माझा आवाज कोरडाच होता. "तिने हिला पाहिलेलं नाही, मावशी. ईस्टरला यायची होती. एकदा तरी येऊन बघू दे."

फोन आल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी हवं होतं. मला आई हवी होती.

मावशीचे हात हवेत तसेच राहिले. मग तिने ते खाली घेतले आणि नेओमीचं टोपडं सारखं केलं.

"तिकडे तुझ्या घराला ओसरी आहे?"

"आहे."

"छत कसलं?"

"पांढरं."

"पांढरंच राहू दे," ती म्हणाली.

पेटीच्या पलीकडे एझ्रा आपल्या हातांकडे बघत होता. नखांत अजून निळा रंग होता.

"मी तर इथलं छत कालच पुरं केलं गं," तो म्हणाला.