दगडूचे नाव

मित्रांनो, मी एक जुनी चाचणी आहे. मला चाके नाहीत, वायर नाही. संगणकातल्या चाळीस ओळी, तेवढीच मी. झाशीला नगरा भागातल्या एका घरात सुभाषचंद्र नावाच्या निवृत्त इंजिनिअरांनी मला लिहिले. सीपरी बाजारातल्या एका प्रयोगशाळेची पाणी तपासणारी यंत्रे त्यांच्या सॉफ्टवेअरवर चालत. त्यात एक नोंदवही होती. यंत्राचे नाव सांगितले, की ते कसे चालवायचे हे ती काढून देई. ती चुकत तर नाही ना, हे पाहणे माझे काम.

त्यासाठी त्यांनी मला एक खोटे यंत्र दिले. ते काहीच करत नसे, म्हणून त्याचे नाव दगडू. मी दगडूचे नाव वहीत घालत असे, हाक मारून दगडूच येतो का ते बघत असे. मग त्याच नावाने दुसऱ्याला घुसवू पाहत असे. वहीने त्याला हाकलले, की मी हिरवी, म्हणजे पास; नाहीतर लाल. शेवटी दगडूचे नाव पुसून पान कोरे करायचे. सकाळी चहा उकळेपर्यंत सुभाषचंद्र मला चालवत आणि म्हणत, “शाब्बास, दगडोबा.”

मागच्या थंडीत ते गेले. त्यांची मुलगी कश्मिरा त्या खुर्चीवर बसू लागली. तीही मला चालवी, पण बोलत नसे.

मग प्रयोगशाळेत नवा पंप आला. बाबांच्या साऱ्या फाइलींत नुसते ‘पंप’ असे नाव होते आणि त्यांना हात लावायचे तिच्या जिवावर आले. तिने नव्याला त्याच नावावर बसवले. वही ऐकेना, तेव्हा वहीतली नकार देणारी ओळच तिने झाकून टाकली. मी लाल झाले. आठ दिवस लाल राहिले. कुणी विचारले नाही.

रविवारी प्रयोगशाळेतल्या अक्षतचा फोन आला.

“दीदी, कल से दोनों पंप चलेंगे. पुराना दूसरी मेज़ पर लगा दिया है.”

“एक टेस्ट लाल आ रहा है.”

“वो दगडू वाला? अंकल जी का मज़ाक होगा. बंद कर दो.”

“बाबा मज़ाक में चालीस लाइन नहीं लिखते थे,” ती म्हणाली. तरी मला बंद करायलाच तिने मला उघडले. तेव्हा बाबांची मराठीतली टीप तिला दिसली: ‘एका नावावर दुसरा बसला, तर पहिला गेल्याचे कुणाला कळतही नाही.’

तिने टीप पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, “अक्षत, पुराने पंप को नए वाले के हुक्म जाएँगे. रुकने का हुक्म वो समझेगा नहीं, रुकेगा ही नहीं.”

“फिर तो हम लैब में तैरेंगे, दीदी.”

तिने झाकलेली ओळ मोकळी केली. बाबांच्या फाइलीत, त्यांच्या ‘पंप’खाली, तिने पहिल्यांदाच स्वतःची ओळ लिहिली: ‘नवा पंप’. मला चालवले. मी हिरवी झाले.

“शाब्बास,” ती म्हणाली. पुढचा शब्द तिच्याने उच्चारवला नाही.

मित्रांनो, कुणी लाल झाले, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा वाचा. नव्याला त्याचे स्वतःचे नाव द्या. जुन्याचे काढून देऊ नका.

मी मात्र नेहमीसारखे दगडूचे नाव पुसले. सकाळी पुन्हा लिहीन, कुणी चालवले तर.