रानी, रानी, आपु!

गाडी बोंबलली की चूक सुभद्राबाईंची, हा घराचा कायदा होऊन दीड महिना झाला होता.

गाडी तशी मुलाची. आलोकनं हैदराबादला नवी घेतली आणि जुनी आदिलाबादजवळच्या मावल्याला आईवडिलांकडे पाठवून दिली. विठ्ठलरावांचा डावा गुडघा क्लच दाबू देत नव्हता, त्यामुळे ती पोर्चमध्ये झाकून उभी राहणार असा दोघा बापलेकांचा हिशेब होता. सुभद्राबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. जैनथच्या मराठी शाळेत तीस वर्षं बसनं, त्यातली निम्मी उभ्यानं, जाऊन हेडबाई म्हणून निवृत्त झालेली ही बाई एकोणसाठाव्या वर्षी ड्रायव्हिंग क्लासला गेली आणि पहिल्या झटक्यात लायसन घेऊन आली. विठ्ठलरावांनी त्या दिवशी पेढे आणले, पण तोंड मात्र कडूच होतं.

गाडीच्या मागच्या बंपरला शर्टाच्या बटणांएवढे चार सेन्सर होते. रिव्हर्स टाकला आणि मागं काही असलं की टिंग-टिंग वाजायचं, फार जवळ आलं की एकसारखं कोकलायचं, असा त्यांचा नियम. नियम कागदावर. हे सेन्सर गवताच्या पात्याला वाजायचे, कुत्र्याच्या शेपटीला वाजायचे. एकदा पैनगंगेच्या काठी, मागं अर्धा फर्लांग मोकळं रान असताना, त्यांनी असा आकांत मांडला की सुभद्राबाई खाली उतरून चाकाखाली बघून आल्या. काही नव्हतं. आणि शेजारच्या सीटवर बसलेले विठ्ठलराव म्हणजे त्या सेन्सरचा प्रतिध्वनी. तिकडं टिंग झालं की इकडून "अवं थांब! थांब! थांब!" सुरू. सुभद्राबाईंना वाटायचं, एक सेन्सर बंपरला आणि एक माझ्या शेजारी, दोन्ही एकाच कारखान्यातले.

फाटकाजवळ कमरेएवढा एक लोखंडी पाइप उभा होता. वळताना ऑटोवाले कंपाउंडची भिंत घासतात म्हणून तो विठ्ठलरावांनीच गाडून घेतला होता. बारा दिवसांपूर्वी सुभद्राबाई गाडी मागं घेत असताना सेन्सर एकदम गप्प होता. गप्प म्हणजे अगदी शहाण्यासारखा.

"पाइप कुठी हाय वो?" त्यांनी विचारलं होतं.

"वाजून नाई राह्यलं ना? मंग ये मागं. बिनधास्त ये."

त्या बिनधास्त आल्या आणि बंपरचा कोपरा आत गेला. त्याच संध्याकाळी विठ्ठलरावांनी फोनवर मुलाला सांगितलं, "तुह्या आईनं ठोकली." तीन शब्द. सेन्सर मुका होता हे त्यात नव्हतं, "बिनधास्त ये" तर नव्हतंच नव्हतं. आलोक म्हणाला, पुढच्या रविवारी येतो आणि गाडी घेऊन जातो. आई, आता पुरे, कुठं जायचं तर ऑटो सांगत जा.

ऑटोचं सुभद्राबाईंना काही वाकडं नव्हतं. पण ऑटो सांगायचा म्हणजे कुठं, कशाला, परत कधी, हे आधी घरात सांगायचं. गेल्या दीड महिन्यात त्या जैनथला बहिणीकडे, चंद्रभागेकडे, मनात आलं तेव्हा गेल्या होत्या. येताना रस्त्याकडेच्या हॉटेलात एकट्या बसून मिरचीभजी खाल्ली होती. आयुष्यात पहिल्यांदा. गाडीबरोबर हेही सगळं जाणार होतं, आणि ते त्या जाऊ देणार नव्हत्या. राग त्यांना स्वतःचाही आला होता. पाइप कुठं आहे हे त्यांना पाठ होतं, तरी आपलं डोकं बाजूला ठेवून त्या एका बटणाच्या गप्प बसण्यावर विसंबल्या होत्या.

गुरुवारी त्या गाडी घेऊन सुरेंद्र मेकॅनिककडे गेल्या. तो बंपरपाशी उकिडवा बसला, एकेक सेन्सर नखानं कोरला. नखात पांढरं आलं.

"कापूस हाय, बाई. मार्केटच्या रोडनं जाता ना? सीझनमंदी गाड्यांतून उडते अन् इथं बसते. तीन असे चोंदले. चौथा त मेलाच हाय."

"साफ केल्यावर पाइप दिसन का त्याले?"

"बारीक पाइपाचं काई खरं नसते. नव्या सेन्सरलेबी कदी दिसते, कदी नाई."

"मंग वायर काढून टाका."

सुरेंद्र उभा राहिला. "साहेबांले विचारलं का?"

"साहेब चालवते काय?"

वायर निघाली. समोरच्या रस्त्यावर एक लॉरी मागं येत होती आणि तिचा क्लीनर पत्रा बडवत ओरडत होता, "रानी! रानी! रानी!" सुभद्राबाईंच्या कपाळावर आठी आली, आणि मग त्या एकट्याच हसल्या.

या शब्दाचं आणि त्यांचं जुनं वैर. लग्न होऊन वणीहून आलेली एकोणीस वर्षांची सुभद्रा आदिलाबादच्या बसस्टँडवर उभी होती, तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं, आणि मागं येणाऱ्या बसचा माणूस तिच्याकडे बघून "रानी, रानी" म्हणत होता. तिनं भर स्टँडवर त्याची आईबहीण काढली. अख्खा स्टँड हसला. तेलुगूत रानी म्हणजे येऊ दे, हे तिला नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं, आणि त्यानंतर चाळीस वर्षं दर पाहुण्याला सांगितलं. ती चिडली की "काय म्हनते आमची रानी?" ती गप्प बसली की "रानीसाहेब रुसल्या." चाळीस वर्षांत विठ्ठलरावांनी हा शब्द हसण्याशिवाय दुसऱ्या कशासाठी वापरला नव्हता.

रविवारी सकाळी आलोकला बसस्टँडवरून आणायला सुभद्राबाई स्वतःच गेल्या. शेजारी विठ्ठलराव, मागं आलोक. घराच्या फाटकाशी त्यांनी रिव्हर्स टाकला आणि गाडीत शांतता पसरली.

"आई, सेन्सर का वाजत नाही?"

"काढला."

"काढला?" आलोक पुढं वाकला. "मागं एखादं लेकरू आलं म्हणजे?"

"म्हनूनच काढला. तो लेकराले वाजते अन् गवतालेबी वाजते. रोज खोटं आयकून मानूस आयकनं सोडते. अन् पाइपाले त वाजतच नाई. इचार तुह्या बाबाले."

विठ्ठलराव खिडकीबाहेर बघू लागले.

"ते जाऊ दे," आलोक म्हणाला. "किल्ली दे, मी लावतो आत. दुपारी निघायचंच आहे मला गाडी घेऊन."

"उतर," सुभद्राबाई म्हणाल्या. आवाज शाळेचा होता, आलोक उतरला. "तुमीबी उतरा. पाइपाजवळ उभे राहा. मले इथून त्याचं बूड दिसत नाई, तुमाले दिसते. तुमीच गाडला हाय."

विठ्ठलराव गुडघा सावरत मागं गेले. समोरच्या ओट्यावर मिरच्या वाळत घालणाऱ्या कुसुमबाईंचे हात थांबले.

"अन् काय म्हनू?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"चाळीस वर्सं म्हनून राह्यले तेच."

विठ्ठलरावांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, मग एकदम सगळं आलं. त्यांनी कुसुमबाईंकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "ये... ये मागं," ते पुटपुटले.

गाडी जागची हलली नाही.

"अवं ये ना!"

"आयकू नाई येऊन राह्यलं," आतून उत्तर आलं.

"बाबा, काय चाललंय?" आलोक वैतागला. विठ्ठलरावांनी हातानंच त्याला गप्प केलं. घसा खाकरला.

"रानी," ते म्हणाले. सुभद्राबाईंनी हॉर्न वाजवला. कुसुमबाई हसल्या, पदर तोंडाला लावून.

"रानी!" या वेळी आवाज गल्लीभर गेला. गाडी हलली. "रानी! रानी! थोडी डावीकडं... हां... रानी! रानी!" म्हातारा वाकून पाइपाच्या बुडाकडे बघत होता, बंपरकडे बघत होता, दोन्ही हातांनी बोलावत होता. बोलावता बोलावता त्याच्या आवाजातलं हसू कुठंतरी गळून पडलं. आयुष्यात पहिल्यांदा तो बायकोची गाडी नीट डोळे उघडून बघत होता. "रानी... रानी... आपु! आपु!"

सुभद्राबाईंनी ब्रेक दाबला. आपु म्हणजे थांब, हे त्यांना आता शिकवावं लागत नव्हतं. बंपर आणि पाइपात वीतभर जागा होती. त्यांनी चाक वळवलं, आरसा पाहिला, मान मागं वळवून पाहिलं आणि गाडी सरळ पोर्चमध्ये नेऊन लावली.

त्या उतरल्या तेव्हा विठ्ठलराव पाइपाला धरून दम खात होते.

"आलोक," ते म्हणाले, "त्या दिवशी मीच म्हनलो होतो. बिनधास्त ये म्हनून. ते वाजलं नाई अन् म्या पाह्यलं नाई. तिनं नाई ठोकली, म्या ठोकवली."

बंपरच्या दबलेल्या कोपऱ्याकडे आलोकनं पाहिलं. मग सवयीनं, किंवा हैदराबादहून ठरवून आला होता म्हणून, त्यानं आईपुढं हात केला. "बरं, पण किल्ली..."

सुभद्राबाईंनी मूठ मिटली. मागून विठ्ठलरावांचा आवाज आला, अजून दम लागलेला, पण गल्लीला ऐकू जाईल असा.

"रानीले माग, बापू. देते का पाह्य."